टणक रस्ता

उमसुनाय : ...आणि चौदाच्या चौदा दुलया उतरवल्यास? एक तरी पेटीवर ठेवायची होतीस, सूनबाई. पेटीला थंडी वाजेल.

जिबेक : फक्त संध्याकाळपर्यंत, आपा. सहा वाजले की जशा होत्या तशा रचून ठेवते.

उमसुनाय : सात माझ्या आईनं शिवल्या, सात मी. एक्केचाळीस वर्षं ती चळत पेटीवर छतापर्यंत उभी होती. घरात कुणीही आलं की आधी चळतीकडे बघतं, मग माझ्याकडे. आज कुणी आलं तर काय बघेल? भादरलेली मेंढी.

जिबेक : या वाऱ्यात कोण येतंय? वाऱ्यासाठीच तर टांगल्या. सोमवारी मी मुलांची गोष्ट वाचून रेकॉर्ड केली तेव्हा माझ्या आवाजामागे सगळं सरोवर घोंगावत होतं. आता इथे आत बसलं की चिटपाखरू ऐकू येत नाही. शहरात लोक याच कामासाठी भिंतीला महागडा स्पंज चिकटवतात.

उमसुनाय : वा. म्हणजे माझ्या आईचं शिवणकाम आता स्पंज झालं. आणि हे अंड्यांचे ट्रे? भिंतभर लावलेत ते? कोंबड्या कधी येणार आहेत?

जिबेक : त्यांच्यामुळे आवाज घुमत नाही.

उमसुनाय : आणि दिव्यांची माळ? नवं वर्ष होऊन तीन महिने झाले.

जिबेक : ती माझ्यासाठी आहे, आपा. दुलया लावल्या की आत अंधार होतो. दिवसाचे चार तास इथे बसायचं, तर जरा बरं नको वाटायला? बघा, खिडकीतलं जिरेनियमसुद्धा आणून ठेवलंय.

उमसुनाय : बघितलं. अंधारात. त्यालाही बरंच वाटत असेल. शिलाई मशीनचा दिवा मी दोन दिवस शोधतेय, तो पण इथेच बरा वाटून घेतोय का?

जिबेक : दिवा फडताळात आहे. त्याचा वाकणारा हात तेवढा घेतला आणि त्याच्यावर माइक बसवला. अताकेंनी बसवून दिला, पक्कडीनं.

उमसुनाय : म्हणजे चोरी सासरा आणि सून मिळून. आणि त्या माइकच्या डोक्यावर काय आहे? ससा मारलास?

जिबेक : ती टोपी. बोलताना फुंकर लागू नये म्हणून. तुमच्या जुन्या टोपीच्या कडेची फर आहे.

उमसुनाय : जुन्या?

जिबेक : त्या... तपकिरी टोपीच्या.

उमसुनाय : ती मी मेल्यावर जुनी होणार होती. असू दे. डोक्याला काय, वाऱ्याची सवय आहे.

जिबेक : आपा, तुम्ही एकदा हे हेडफोनचे कान लावून बघा. माझ्या सगळ्या सामानात मला हेच लाडके. हे लावले की माझा श्वाससुद्धा ऐकू येतो.

उमसुनाय : म्हणजे ते लावल्यावर तुला फक्त तुझंच ऐकू येतं. सुनेला शोभतात हो. माझा रेडिओ बघ, एक बटण फिरवलं की बोलतो. टोपी मागत नाही, दुलया मागत नाही.

जिबेक : तुमच्या रेडिओची बॅटरी इलॅस्टिकनं बांधलीय, आपा. आणि शेजारी कुणी शिंकलं तरी तो स्टेशन बदलतो.

उमसुनाय : बदलतो, पण बोलतो. तू मात्र सकाळपासून आत बसलीयस आणि मला एक वाक्य ऐकू आलं नाही. एवढी सजावट करून मुकी बसलीस का? पाठव की ती गोष्ट त्या शहरातल्या, फोनवर पुस्तकं ऐकवणाऱ्या बाईला.

जिबेक : पाठवली होती, सोमवारी. काल परत आली.

उमसुनाय : आवाज नाही आवडला? मी तुला थंड दूध पिऊ नको म्हटलं होतं.

जिबेक : आवाज आवडला. तिचा निरोप तुम्हीच ऐका. थांबा, लावते.

फोन : जिबेक, आवाज फार छान आहे गं, मुलं ऐकत बसतील. मागचा वारा तेवढा घालव. पण एक मला कळलं नाही. पुस्तकात सगळीकडे ‘तेमिर-रस्ता’ असं छापलंय. तेमिर म्हणजे लोखंड, हे काय मी तुला सांगायचं? तू एकोणीस वेळा ‘टणक रस्ता’ असं वाचलंस. मुलांना वाटेल, आगगाडी शिळ्या नानवरून चाललीय. उद्या सहापर्यंत नीट वाचून पाठव. नाहीतर दुसरी एक मुलगी तयार आहे, तिला देते. पुढची सगळी पुस्तकंही मग तिच्याकडेच जातील.

उमसुनाय : काय बाई आहे. एका दमात माझ्या नवऱ्याचं नाव दोनदा घेतलं. आणि जीभ जागेवर.

जिबेक : तिच्यासाठी ते नाव नाही, आपा. नुसता एक धातू आहे.

उमसुनाय : आणि तू एकोणीस वेळा टणक म्हणालीस?

जिबेक : मला कळलंसुद्धा नाही. डोळे छापलेलं बघत होते, तोंड आपलं आपण बोलत होतं. या घरात आल्यापासून अकरा वर्षं मी त्या धातूला टणकच म्हणतेय. टणक खिळा, टणक कढई, टणक फाटक. दुकानदारही आता मला टणक तारच देतो.

उमसुनाय : माझा पलंग त्याच धातूचा आहे, त्याला मी अजून करकऱ्या म्हणते. आणि हे तीस वर्षं त्या रस्त्यावर सांधेवाले होते. कुणी विचारलं नवरा कुठे काम करतो, तर मी म्हणायची, गाडी जिथून जाते तिथे. लोकांना वाटायचं, ड्रायव्हर आहे. मला त्यात काही नुकसान नव्हतं.

जिबेक : आज सकाळपासून बारा वेळा बसले. वाक्य सुरू होतं, छान चालतं. तो शब्द आला की जीभ दाताला चिकटते. एकदा कसाबसा म्हटला, तर माइकलाही ऐकू गेला नाही.

उमसुनाय : या माइकला मुंगीचं चालणं ऐकू येतं असं तूच म्हणाली होतीस.

जिबेक : मुंगी चालते. मी थांबते.

उमसुनाय : मग सांग त्या बाईला, दुसरं पुस्तक दे. पाण्याचं दे. होडीचं दे. आमच्या घरात होडी नावाचं कुणी नाही.

जिबेक : ती म्हणेल, दुसरं पुस्तक दुसऱ्या मुलीला. मग एप्रिलपासून मी शहरात, शिवणाच्या कारखान्यात. तुमच्या मुलाच्या, एर्मेकच्या एकट्याच्या ट्रकवर घर चालत नाही, हे तुम्हीच म्हणता.

उमसुनाय : मी पुष्कळ काय काय म्हणते. नेमकं तेवढंच तुझे ते कान बरे पकडतात.

जिबेक : मागच्या वेळी आठ महिने होते तिथे. एका खोलीत सहा जणी. परत आले तेव्हा तुम्हीच दारात म्हणालात, सून गेली होती, सावली आली.

उमसुनाय : सावलीलाही मीच खाऊ घातलं. दोन महिने लागले तुला परत माणसासारखं भांडायला.

जिबेक : म्हणून म्हणते, परवानगी द्या.

उमसुनाय : मी कशी देऊ? नाव काय माझं आहे?

जिबेक : नाव अताकेंचं, पण नियम तुमचा. मी या घरात आले तेव्हा पहिल्याच दिवशी चहा ओतता ओतता तुम्ही मला बजावलंत. ते तर तेव्हा बाहेर घोड्याला पाणी पाजत होते.

उमसुनाय : मला माझ्या सासूनं बजावलं. तिला तिच्या. आम्ही काही दुकानातून आणला नाही नियम. आणि शेजारणीला, त्या राखातला, मी काय सांगू? अकरा वर्षं तिला ऐकवतेय की माझी सून शिकलेली आहे, पण झोपेतसुद्धा सासऱ्याचं नाव तोंडात आणत नाही. उद्या तिची नातवंडं फोनवर ही गोष्ट लावतील. माझी सून एकोणीस वेळा नाव घेईल. सगळ्या देशासमोर. आणि ते माझ्याच दुलयांच्या आत बसून.

जिबेक : फोनवर दुलया ऐकू येत नाहीत, आपा. तोच त्यांचा उपयोग.

उमसुनाय : असं कर. तो एक शब्द राखातला म्हणायला लाव. तिचा कोण लागतो तो? तू बाकीचं वाच आणि मधे मधे तिचं चिकटव. तुझ्या यंत्रांना सगळं येतं ना.

जिबेक : येतं की. मी हळू आवाजात म्हणेन, गावातली मुलं धावत धावत, आणि राखात आजी मधेच तो शब्द ओरडेल. मग मी म्हणेन, रस्त्यापाशी आली. मुलं रात्री झोपायची नाहीत.

उमसुनाय : तिचा आवाज तसा खणखणीत आहे.

जिबेक : सरोवराच्या पलीकडे जातो. त्याला दुलया पुरायच्या नाहीत.

उमसुनाय : हसू नकोस. मला हसायला लावून नियम मोडून घेशील, तेवढी मी तुला ओळखते.

(दुलई बाजूला सारून तेमिर आत डोकावतो.)

तेमिर : पक्कड इथेच राहिली का?

उमसुनाय : कधीपासून उभे आहात बाहेर?

तेमिर : ससा मारला तेव्हापासून. दुलया वाऱ्याला ठीक आहेत. तुम्हा दोघींना जाड हव्या होत्या.

जिबेक : अताके, मी... मी काही...

तेमिर : बस, बस. ते कान गळ्यात अडकलेत, उठशील तर माइक पडेल. किती मेहनतीनं बसवलाय मी तो.

उमसुनाय : ऐकलंय ना सगळं? मग तुम्हीच सांगा हिला.

तेमिर : मागच्या महिन्यात आपण दवाखान्यात गेलो होतो, आठवतं?

उमसुनाय : न आठवायला काय झालं? दोन तास बसलो. तुम्हाला हाक ऐकू आली नाही, नंबर गेला. तेव्हाच तर मी डॉक्टरला म्हटलं, यांचे कान गेलेत.

तेमिर : हाक ऐकू आली होती.

उमसुनाय : काय?

तेमिर : तू पाणी आणायला गेली होतीस. त्या मुलीनं यादीतून नाव वाचलं. तीनदा वाचलं. मला वाटलं, कुणीतरी तेमिर आहे, बिचाऱ्याला झोप लागली असेल. मी इकडेतिकडे बघितलंसुद्धा, उठवावं म्हणून.

जिबेक : स्वतःचं नाव ओळखलं नाहीत, अताके?

तेमिर : त्या नावानं हाक मारणारं कोण होतं? आई होती. मग भाऊ होता, सादिक. तो जाऊन दोन हिवाळे झाले. त्यानंतर मला कुणी म्हटलंच नाही. पोरगा अताके म्हणतो, तू अताके म्हणतेस, रस्त्यावरचे लोक आजोबा म्हणतात. ही अहो म्हणते. रागावली की तेही नाही, नुसती भांडी वाजवते.

उमसुनाय : मी मान ठेवते तुमचा.

तेमिर : ठेवतेस. इतका वर ठेवलाय की माझाच हात पोचत नाही.

उमसुनाय : मग मला सांगायचं नाही?

तेमिर : काय सांगू? मला नावानं हाक मार, असं म्हणू? तू बेशुद्ध पडली असतीस. परत दवाखाना, परत ती यादी.

उमसुनाय : आणि ते कानात घालायचे थेंब? महिनाभर रोज सकाळी तुमचं डोकं मांडीवर घेऊन मी घालतेय ते.

तेमिर : गार वाटायचे. बरं होतं ते.

उमसुनाय : बघ, सूनबाई, बघ. एक्केचाळीस वर्षं यांचं नाव मी जपून ठेवलं आणि यांनी तेवढ्यात ते हरवलं.

तेमिर : हरवलं नाही. पुस्तकात सापडलं ना आता.

जिबेक : म्हणजे वाचू, अताके?

तेमिर : मला काय विचारतेस? मी सांधेवाला होतो. गाडी कुठल्या रुळावर घ्यायची ते ठरवणारे वर असायचे. ही बघ, समोर बसलीय.

उमसुनाय : माझ्याकडे बघू नका. मी काही म्हटलेलं नाही.

जिबेक : साडेचार वाजले, आपा.

उमसुनाय : घड्याळ मलाही दिसतं. तो फ्रिज गुरगुरतोय बघ मघापासून. असा गुरगुरत असताना कुणी गोष्ट वाचतं का? मी बंद करून येते.

जिबेक : आत काल शिजवलेलं मांस आहे ना?

उमसुनाय : मार्च महिना आहे. तासाभरात मांसाला काय होतंय? आणि राखातनं विचारलंच तर सांगेन, सासऱ्यानं स्वतः सांगितलं, मी मधे पडले नाही. खोटं थोडंच आहे? अहो, तुम्ही दारात उभे राहू नका, वारा येतो. आत या, दुलई नीट ओढा. या पेटीवर बसा, ती काय आता रिकामीच आहे.

तेमिर : बसलो.

उमसुनाय : झाला बंद. आता कुणी हलायचं नाही. तुम्ही श्वास नाकानं घ्या, तोंडानं घेतलात की शिट्टी वाजते. मला बोट दाखव, सूनबाई, सुरू झालं की.

जिबेक : आपा, तुम्हीही इथेच बसणार?

उमसुनाय : माझ्या दुलया आहेत. मी कुठे बसू?

जिबेक : बरं. सुरू करते. ‘आमचं गाव सगळ्यात शेवटचं. सरोवराच्या काठाशी येऊन तेमिर-रस्ता...’

तेमिर : ओ.

उमसुनाय : अहो, गाडीला काय ओ देताय?

तेमिर : निघून गेलं तोंडातून.

जिबेक : असू दे, अताके. हे पुसून पुन्हा घेते. यानंतर अजून अठरा आहेत.

तेमिर : अठराच?