उशीमागची बारावी

नणंद : आणि मी झोपायचं कुठे? या पलंगावर आधीच अकरा जणी आडव्या पडल्यात.

वहिनी : बारा. एक उशीमागे आहे, तिचा गोंद वाळायचाय. वन्सं, उद्या सकाळी दहाला सगळ्या वाचनालयाच्या हॉलमध्ये जातील. आजचा दिवस घ्या सांभाळून.

नणंद : प्रदर्शन म्हणे! साठी उलटल्यावर बाहुल्या! माझ्या शाळेत पहिलीतून दुसरीत गेलेल्या मुली बाहुली सोडायच्या.

भाऊ : हिने आत्ता पहिलीत नाव घातलंय, ताई. हुशार आहे, पण जेवणाची वेळ विसरते.

वहिनी : तुमच्या बाहुल्याला मी दोन हात शिवलेत. तुम्हालाही आहेत बहुतेक. भात लावता येतो त्यांनी.

नणंद : बाळ्या, हा खुर्चीतला तू? अरे, पोट केवढं हे!

भाऊ : तिने त्यात पावशेर कापूस जास्त भरलाय.

वहिनी : मोजून भरलाय.

नणंद : वहिनी, बाहुली म्हणजे कशी, गोबरे गाल, मोठे डोळे. तुझ्या या बायकांना झालंय काय? हिच्या गळ्याला सुरकुत्या, हिचा एक खांदा उतरलेला, ही तर चक्क जांभई देतेय. एखाद्या लेकराच्या हातात दिलीस तर ते किंचाळत सुटेल.

वहिनी : लेकरांसाठी नाहीतच त्या.

नणंद : मग कुणासाठी?

वहिनी : माझ्यासाठी. एकतीस वर्षं लॅबमध्ये बसून कवळ्या केल्या. डॉक्टरांची चिठ्ठी यायची, ‘सरळ दात, रंग दोन नंबर’. हजारो माणसांच्या तोंडात तेच एक हसू बसवलं. त्यांचे मूळचे दात कसे होते, हे कुणी कधी कळवलं नाही. आता चिठ्ठी येत नाही. कापड ताणते, टाका घालते. ओठ कुठे वळणार ते मलाही माहीत नसतं. एकदा वळला की एकटीच म्हणते, ‘अगंबाई, तू होय!’

भाऊ : पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, पाहुणी आली. दोन कप चहा टाकला.

नणंद : हिला कुठल्या डॉक्टरांना दाखवलंस का?

भाऊ : दातांचे सगळे ओळखीचे आहेत.

नणंद : तू म्हणजे ना! बरं, ती उशीमागची दाखव बघू.

वहिनी : ती राहू दे.

भाऊ : ताई, तू आधी हातपाय धू, चहा घे...

नणंद : अठ्ठावीस वर्षं मुख्याध्यापिका होते मी. ‘राहू दे’ म्हटलेली वही सगळ्यात आधी उघडायची असते.

(ती उशी उचलते. मागची बाहुली उजेडात धरते.)

नणंद : हे दात.

वहिनी : वन्सं...

नणंद : पुढे आलेले. मधे फट. कुणी सांगितलं तुला? तू या घरात आलीस तेव्हा हे दात माझ्या तोंडात नव्हते. तीन वेळा कवळी केलीस तू माझी. रंग दोन नंबर!

वहिनी : आधी बसा तरी.

नणंद : टर उडवायला मीच सापडले? त्या वाचनालयात माझ्या विद्यार्थिनी येतात, आता आज्या झाल्यात त्या. त्यांनी हे बघायचं? कात्री कुठंय? उसव हिला. आत्ताच्या आत्ता!

वहिनी : कात्री मिळणार नाही.

नणंद : तोंड माझं आहे!

वहिनी : होतं. नंतर तुम्ही त्याचं नावही काढलं नाहीत. वर हजारभर मुलींना ओळीत उभं करून बजावलंत, हसताना दात दिसता कामा नयेत.

नणंद : शिस्त होती ती!

वहिनी : मुलींनी काय घोडं मारलं होतं तुमचं?

भाऊ : पुरे. ताई, तिला बोलू नकोस. कर म्हणून मीच सांगितलं. फोटोही मीच दिला.

नणंद : कसला फोटो? सगळे फाडले बाबांनी.

भाऊ : गच्चीवरचा. मी तुझ्या पायावर बादली ओतलीय आणि तू हसतेयस. तो मी आधीच अल्बममधून काढून घेतला होता.

नणंद : का?

भाऊ : ते लोक लग्नाचं बोलायला आले होते, आठवतं? तू पाणी घेऊन बाहेर आलीस आणि मी दारातून ओरडलो, ‘फावडं आलं, फावडं!’ नऊ वर्षांचा होतो. सगळे हसले. तूसुद्धा हसलीस. तेवढंच, शेवटचं.

नणंद : दुसऱ्या दिवशी नकार आला.

भाऊ : आणि तिसऱ्या दिवशी बाबा तुला दवाखान्यात घेऊन गेले. तू तोंडाला रुमाल लावून परत आलीस. मी कॉटखाली लपलो होतो.

नणंद : माहीत आहे. पाय दिसत होते तुझे.

भाऊ : बावन्न वर्षं विनोद करतोय, ताई. बाकीचे सगळे हसण्यावारी गेले, तो एक गेला नाही.

नणंद : म्हणून माफी मागायला ही कापसाची बाई पुढे केलीस? स्वतःला तोंड नाही?

भाऊ : आहे की. पण त्याने आधी काय केलंय ते बघितलंस ना.

नणंद : मूर्ख. त्या नकाराचं मला कधीच काही वाटलं नाही. तो मुलगा बावळट होता, बशीत चहा ओतून फुंकत बसला होता. दातांचं वाटलं. चांगले होते गं, वहिनी. एकालाही कीड नव्हती. चार काढले. डॉक्टर म्हणाला, कशाला काढताय? बाबा म्हणाले, काढा.

वहिनी : वन्सं, तुम्हाला नको असेल तर उद्या हिला हॉलमध्ये नेत नाही. पण उसवणार नाही. खरं सांगू? सुरुवात यांच्यासाठी केली. मग ते तोंड जमत गेलं आणि मी यांनाही विसरले, तुम्हालाही. तीन महिने तिच्याबरोबर हसत होते. इतकं खरं तोंड माझ्या हातून आजवर झालं नव्हतं.

नणंद : फट एवढी नव्हती.

भाऊ : होती.

नणंद : तू गप्प बस, बाळ्या. तुला एकदा बोलू दिलं तेवढं पुरे झालं. आणि वहिनी, हा निळा ब्लाऊज कुठून आणलास? असला मेलेला रंग मी जन्मात घातला नाही.

वहिनी : फोटो काळा-पांढरा आहे, वन्सं.

नणंद : मग विचारायचं होतंस. पिवळा होता. बाही इथवर, कोपरापर्यंत. पिवळं कापड आहे घरात?

वहिनी : आहे.

नणंद : आण. आणि सुईत दोरा ओवून दे. मला हल्ली भोक दिसत नाही.