मे महिन्यातले ढग

वाडीच्या बसमध्ये मिनलच्या पुढच्या सीटवर दोघी जणी हसून लोटपोट होत होत्या.

"पण सोलरच्या पॅनलवर कुरड्या कायले घातल्या वं, जयवंता?"

"मंग कुठं घालू, कामिनी? गोडाऊनचं अख्खं छत कंपनीनं सोलरले देल्लं. दहा वर्षं मी तिथंच वाळवत होती."

"अन् वीज कमी झाली."

"झाली ना. मोठ्या हापिसात म्हणे रोज दुपारी वीज कमी दिसे. मंग पुण्याचा इंजिनीअर आला, शिडीवर चढला. पाहतो तं पॅनलवर सातशे कुरड्या."

"गोडाऊनातली नोकरी गेली असती वं तुई."

"मी गरमगरम तळून देल्ल्या. तेरा खाल्ल्या त्यानं. मंग म्हणे, मावशी, आता रिपोर्टात काय लिहू?"

"काय लिहिलं?"

"ढग आले होते म्हणून."

"मे महिन्यात? नागपुरात?"

दोघींना हसू आवरेना. मिनलनं मांडीवरची फाईल उलटी ठेवली.

"ताई, ते सोलरचं गोडाऊन कोणत्या स्टॉपवर येतं? मी मोठ्या ऑफिसातून आले आहे. त्या ढगांची चौकशी करायची आहे."

जयवंताचं हसणं थांबलं. तिनं पिशवीतून तळलेल्या कुरड्यांचा डबा काढला, झाकण उघडलं आणि मिनलपुढे धरला.

"घे माय. कालच वाळल्या."