लिंबाच्या शाळेचा गणित मास्तर

(सांगणार : रामलिंग भोंगेवाले, धाराशिव)

ऐका हो ऐका! धाराशिव शहरातील तमाम माता, भगिनी आणि बंधूंना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, रामलिंग भोंगेवाल्याची एकुलती एक कन्या शिवकन्या ही चौथी पास झालेली असून, तिला पाचवीला कुठल्या शाळेत घालावं हा बिकट प्रश्न शहरापुढं उभा ठाकलेला हाय, तरी सर्वांनी आपापली कामं जागच्या जागी ठेवून विचार करावा, हो! हसू नका. हे म्या खरंच म्हणलेलं हाय. भोंग्यात न्हाय, घरात, गॅसपुढं उभं राहून, लाटणं तोंडापुढं माईकसारखं धरून, गेल्या सालच्या उन्हाळ्यात. आमची शोभा म्हणली, लाटणं द्या इकडं, पोळ्या राहिल्यात. एवढा मोठा प्रश्न आन् एवढं उत्तर.

तर मी मूळचा तेरचा. आमचे वडील, आण्णा, तिथल्या आठवडी बाजारात गोडीशेव आन् रेवड्या विकायचे, अजून विकतात, ऐंशीला टेकले तरी. आण्णांनी हाळी दिली की तेरणा नदीच्या पल्याड म्हशी माना वर करायच्या. तो आवाज माझ्या वाट्याला आला. डोकं मात्र आलं न्हाय, कारण आण्णांना पावकी, निमकी, औटकी, अपूर्णांकांचे जुने पाढे समदे तोंडपाठ आन् मी दहावीला गणितात गेलो. एकदा न्हाय, तीनदा गेलो. तिसऱ्या खेपेला पेपर हातात आला तर असं वाटलं की कुणीतरी ओळखीचं माणूस भेटलं, पण बोलणं काय झालं न्हाय. मग धाराशिव गाठलं, रिक्षा घेतली, तिच्या टपावर दोन भोंगे बांधले, आन् तवापासून पंचवीस वर्सं मी या गावाला ओरडून सांगतोय. काय काय सांगतो म्हणता? साडीचा सेल. उद्या नळाला पाणी येणार न्हाय. म्हैस हरवली, डावं शिंग मोडकं. मयताची वेळ. समदं एका आवाजात सांगता येत न्हाय बरं का, सेलला आवाज नाचवावा लागतो आन् मयताला बसवावा लागतो. एकदा घाईत म्या मयत नाचवलं व्हतं, ते नंतर सांगतो. न्हाय, ते नकोच.

उन्हाळ्यात माझं खरं गिऱ्हाईक म्हणजे शाळा. तुमाला वाटतं खाजगी शाळा? त्यांचे रंगीत बोर्ड असतात, मोबाईलवर चित्रं असतात. माझ्याकडं येतात ते सरकारी शाळेचे मास्तर. बिचारे एप्रिलपासून दारोदार फिरतात, तुमचं लेकरू आमच्याकडं घाला, तुमचं लेकरू आमच्याकडं घाला. त्याचं कारण सांगतो. शाळेत पोरं किती, त्याला म्हणतात पट. पट असला तर मास्तराचं पद राहतं, पट पडला तर पद जातं. आन् आईबाप विचारतात मास्तर हाय का, मास्तर नसंल तर पोरं घालत न्हाईत. म्हणजे मास्तर आला तर पोरं येणार आन् पोरं आली तर मास्तर येणार. दोघं एकमेकांची वाट बघत बसलेत, जसे बसस्टँडवर दोन मेव्हणे, तू आधी चढ, न्हाय तुमी आधी चढा, आन् यष्टी निघून जाती.

आमच्या पोरीपुढं दोन शाळा व्हत्या. तिसरी एक दुमजली व्हती पण तिथं ओळख लागती आन् आपली ओळख गावभर असली तरी त्या कामाची न्हाय. राहिल्या दोन. एक लिंबाची शाळा, नगरपालिकेची, अंगणात मोठा लिंब हाय म्हणून लोक तसं म्हणतात, आमच्या दारापासून पाच मिनिटं. दुसरी टाकीची शाळा, पाण्याच्या टाकीखाली, पण ती हायवेच्या पल्याड. आन् आमची शिवकन्या कशी, तर आण्णांची नात. चौथीत असताना एकोणतिसाचा पाढा उलटा म्हणायची. सरळ न्हाय, उलटा! बाजाराला तेरला गेली की आण्णा तिला गोणीवर बसवून विचारायचे, साडेसात निमे किती गं, आन् ही रेवडी चघळत सांगायची. मी बाजूला उभा राहायचो, छाती काढून, जणू माझंच डोकं चाललंय. म्हणून आमचा एकच हट्ट, पाचवीपासून हिला गणिताला धड माणूस पाहिजे. बाकी इमारत, रंग, झेंड्याचा कट्टा, कशाला बी आमी बघणार न्हाय.

मग आमी दोघं शाळा बघायला गेलो. शोभा काय बघती, तर पोरींच्या संडासाला आतून कडी हाय का आन् बकेटात पाणी हाय का. बाकी हेडसर काय बोलत्यात तिकडं तिचं लक्षच न्हाय. आन् मी बघत न्हाय, मी ऐकतो. फाटकाबाहेर डोळे मिटून उभा राहतो. ज्या मास्तराचा घसा बसलेला, तो शिकवणारा, हे माझं गणित, आन् हे एकच गणित मला येतं. लिंबाच्या शाळेत कडी व्हती, पाणी व्हतं, हेडसर लई मायेचा माणूस, त्यांनी आमाला स्वतःच्या हातानं च्या दिला. एक बाई पाचवी ते सातवी एकटी सांभाळत व्हती, मराठी शिकवती तिथं इतिहास, इतिहास शिकवती तिथं हजेरी. गणिताचे सर बदलून गेलेले. पद मंजूर हाय, हेडसर म्हणले, माणूस येणार हाय. टाकीच्या शाळेत कडी मोडकी, पण तिथले गणिताचे सर बोलले तर असा आवाज, खर्र खर्र, तीन भोंगे एकदम फाटल्यावानी. मी तिथंच शोभाच्या कानात म्हणलं, ठरलं, हितं. ती म्हणली, अन् हायवे? ट्रक बघा केवढाले. म्या म्हणलं, मी रोज हात धरून नेईन, रिक्षा उभी करून. सोमवारी दाखला नेऊन द्यायचा ठरलं.

आता हितं बघा माझी अक्कल. त्याच आठवड्यात लिंबाच्या शाळेचे हेडसर कागद घेऊन आले, रामलिंगराव, आमचं बी जरा सांगा. कागदावर तीन वाक्यं. प्रशस्त अंगण. मोफत पुस्तकं. मुलींसाठी घराजवळ. आता तुमी सांगा, तीन वाक्यात ताल बसतो का? चौथं लागतंच, त्याशिवाय आवाज खाली उतरत न्हाय, वरच लटकून राहतो. म्या रेकॉर्डिंगला बसलो आन् आपसूक तोंडातून आलं, आणि स्वतंत्र गणित शिक्षक! असं झकास बसलं की मलाच आवडलं. हेडसर म्हणले, हे कुठनं आणलं वो? म्या म्हणलं, सर, पद मंजूर हाय का न्हाय? ते म्हणले, मंजूर तर हाय. म्या म्हणलं, मग झालं तर. ते कागदाची घडी घालत म्हणले, राहू द्या.

शुक्रवारी मला नळदुर्गचं काम आलं, हायवेवर नवा ढाबा उघडायचा व्हता, तीन दिवस. माझ्या रिक्षावर ढाबा, आन् लिंबाच्या शाळेचं रेकॉर्डिंग म्या दुसऱ्या रिक्षावाल्याला देऊन गेलो. शनिवारी ती रिक्षा आमच्या गल्लीत आली. शोभा पोरीची वेणी घालत व्हती. भोंग्यातनं नवऱ्याचा आवाज, आणि स्वतंत्र गणित शिक्षक! ती म्हणली, अगंबाई, आला वाटतं मास्तर. तिनं मला फोन लावला, एकदा न्हाय, चारदा. पण आमच्या धंद्यात माईकजवळ फोन ठेवला की भोंगा टर्र टर्र करतो, म्हणून माझा फोन ढाब्याच्या खुंटीला, सदऱ्याच्या खिशात, आन् संध्याकाळी बघावं तर बॅटरी मेलेली. मी तिकडं ओरडतोय, गरमागरम तांबडा रस्सा, आन् हिकडं माझी बायको विचार करतीय. तिनं काय विचार केला तो तिनं मला नंतर सांगितला, अन् तो काय चुकीचा न्हाय. ती म्हणली, समद्या गावाला सांगतात ते मला माहीत हाय, कसं सांगतात ते बी माहीत हाय. पण आपल्याच गल्लीत, आपल्याच पोरीच्या कानावर माणूस खोटं कशाला सांगंल? हायवे नको, मास्तर आला, घराजवळ हाय. उठली, आन् शनिवारीच दाखला लिंबाच्या शाळेत देऊन आली.

मी सोमवारी आलो. पोरगी नवीन वहीला कव्हर घालत बसलेली. शोभा हसत म्हणली, काम करून टाकलं, दाखला लिंबाच्या शाळेत दिला. मी तसाच पळत टाकीच्या शाळेत गेलो तर तिथल्या बाई म्हणल्या, वर्ग भरला, बेंचवर तिघी बसतात, चौथी कुठं बसवू, तुमच्या रिक्षावर? मग लिंबाखाली गेलो. हेडसरांपुढं हात जोडले, दाखला माघारी द्या, मी कुठंतरी बघतो. त्यांनी बी माझ्यापुढं हात जोडले. दोघं हात जोडून उभे, देवळात देव नसल्यावानी. ते म्हणले, रामलिंगराव, एका लेकरानं पट राहिलाय, ते लेकरू तुमचं हाय. ते गेलं तर गणिताचं पद जाईल, मग तुमच्याच गल्लीतल्या बाकीच्या पोरींचं काय? काय सांगू तुमाला, त्या माणसाचा घसा बसलेला व्हता. शिकवून न्हाय, दारोदार पोरं मागून. माझं एकुलतं एक गणित, ते बी चुकलं.

वर्ष गेलं. मास्तर आला न्हाय. एकदा एक जण आला, तरुण, शर्ट इस्त्रीचा, पोरी लई खूश, आठ दिवसांत त्याला दुसरीकडं नेलं. ती बाई फळ्यावर गणितं लिहून द्यायची, पोरी वहीत उतरवून घ्यायच्या, उत्तराची जागा सोडून. शिवकन्येची वही बघा, अक्षर मोत्यावानी, सुंदर आखलेली, आन् उत्तराच्या जागा समद्या मोकळ्या. मी घरी बसवून शिकवायला गेलो, पण मी कोण, तीनदा गेलेला माणूस. शिकवणी लावली तर तिथला पोरगा म्हणला, हिचा पाया कच्चा हाय. माझ्या पोरीचा! म्या त्याला तेरला नेऊन आण्णांपुढं उभं करणार व्हतो.

पण आण्णांपुढं तीच उभी राहिली. दिवाळीनंतरच्या बाजारात आण्णांनी नेहमीसारखं विचारलं, साडेनऊ निमे किती गं? तिनं रेवडी तोंडात धरली आन् समोरच्या पत्र्याकडं बघत राहिली. आण्णांनी परत विचारलं न्हाय. त्यांनी तिला अजून एक रेवडी दिली आन् मोठ्यानं हाळी दिली, गोडीशेव घ्या गोडीशेव, पण म्हशींनी काय माना वर केल्या न्हाईत, आता आवाज तेवढा राहिला न्हाय. शोभानं तर मला वर्षभर कधी बोल लावला न्हाय. बोलली असती तर बरं झालं असतं. फक्त घरात आता टीव्ही लागला की ती आवाज बारीक करती.

आन् आता परत उन्हाळा. हेडसर परत आले, कागद तोच. पाचवीला नावं कमी हायत, सहावीचा बी पट पडला तर पद कायमचं जाईल, शिवकन्येला सातवीपर्यंत गणित मिळणारच न्हाय, म्हणले. म्हणजे माझ्या पोरीला मास्तर मिळायचा असंल तर म्या दुसऱ्याच्या पोरी ओढून आणायच्या. न्हाय म्हणता येतंय का सांगा. म्या हो म्हणलं, पण ते रेकॉर्डिंग न्हाय लावलं, थेट बोललो, तीनच वाक्यं. ताल बसंना, आवाज वरच लटकून राहिला. सुटी व्हती म्हणून शिवकन्या बाजूला बसलेली, गुडघ्यावर माईकची वायर धरून.

परवा आमच्याच पलीकडच्या गल्लीत एक बाई रिक्षाजवळ आली, नवीन राहायला आलेली, हाताला पोरगी, शिवकन्येएवढीच, वेण्यांना लाल रिबीन. म्हणली, भाऊ, हिला गणित लई आवडतं, तुमच्या शाळेत गणिताला मास्तर हाय का वो? मी पंचवीस वर्सं बोलतोय, म्हशीपासून मयतापर्यंत कधी शब्द अडला न्हाय, पण तिथं म्या सदऱ्याच्या टोकानं माईक पुसत बसलो. हो म्हणलं तर ही पोर गेली, न्हाय म्हणलं तर माझी गेली. आन् माईक बंद करायचं राहिलं, ते माझ्या ध्यानातच न्हाय. पुढचं समदं गल्लीभर ऐकू गेलं, लिंबाखाली हेडसरांना बी गेलं असंल, घरात शोभाला तर गेलंच. शिवकन्या वायर सोडून पुढं वाकली आन् पटकन बोलून गेली, काकू, तिला नका घालू हो, मला घातलंय तेवढं बास हाय.