मागल्या खोलीची कडी

व्हय हो मॅडम, तिसऱ्यांदा आलात, मला काय कळत न्हाई का — असल्या पोरांना शिकवणाऱ्या तुमी, एवढ्या लांब आमच्या बोरी गावात यायचं म्हंजी — पण पोरगी शाळेत का येत न्हाई म्हणून मलाच इचारता व्हय? उसात बिबट्या हाय. गेल्या महिन्यात वस्तीवरची कालवड नेली. एकटी कशी धाडू? आमच्या जावंची इंद्रायणी जाती की त्याच वाटंनं सायकलीवर, पण ती — ती चपळ हाय. तसं बघू नका माझ्याकडं.

अन् शाळेत तरी काय दिवे लावत्यात? सहावीत गेली अक्षदा — ही काय, उंबऱ्यात बसलीय — अजून वाचाया येत न्हाई. सरांनी मागच्या बाकावर बसवली ती बसवलीच. परीक्षेच्या पेपरावर फुलं काढून आली, तर अख्खा वर्ग हसला. घरी येऊन दप्तर चुलीत घालाया निघाली! दोन ठेवून दिल्या मी. मग मीच रडत बसले.

उद्या जुन्नरला असल्या पोरांची तपासणी हाय, म्हाईत हाय. माझी सही झाली की नाव जाईल, दाखला निघंल, वेगळं शिकवत्याल, पेपराला जादा येळ — समदं पाठ झालंय मला. पण थोरलीची, मोहिनीची सुपारी फुटलीय ना. कळंबचं घर, लई चांगली माणसं. त्यांना सांगितलंय, धाकटी हुशार हाय, मामाकडं शिकती. आता तिच्या नावानं असला दाखला निघाला तर? थोरली बी तसलीच असंल म्हणतील. लग्न मोडलं तर कोण येणार हाय, तुमी?

पावणं आलं की अक्षीला मागल्या खोलीत बसवते. कोंडत न्हाई वो! कडी तेवढी लावून घेते. ती बी गुमान बसती. दिवाळीत चार तास बसली, घसा कोरडा पडला तरी हाक मारली न्हाई. लई शहाणी हाय माझी पोर. कोण म्हणतं तिला कळत न्हाई?

द्या तो कागद. द्या म्हणते ना! व्हायचं ते व्हईल. कुठं करू सही, हितं? —

थांबा. गाडी वाजली. अगं बया, कळंबचंच पावणं! आज कसं काय? कागद पिशवीत घाला आधी, घाला! कोणी इचारलं तर तुमी बचत गटाच्या बाई, कळलं? अक्षे, ऊठ. न्हाई, पाणी मग पी. चल आत.