तीन बोटांचे फराटे

आरमोरीच्या मोटार स्टँडवर वच्छला पान चघळत बसली होती. शेजारच्या बाकावर बोचकं मांडीवर घेऊन एक पंच सोबत्याशी बोलत होते.

"भिंत सारवली नाई तं दंड, असा पंचायतीचा ठराव झाला. म्या भागीरथाबाईच्या बंद घरालेबी नोटीस चिकटवली."

"वारलूभाऊ, मेलेल्या बाईले नोटीस?"

"नियम सगळ्याईले सारखा, सोमाजी."

"मंग?"

"दुसऱ्या दिवशी भिंत सारवलेली. शेण ओलं, अन् तीनच बोटाईचे फराटे."

"धान कापताना इळ्यानं तिचीच दोन बोटं गेली होती नं?"

"हो."

वच्छलाच्या तोंडातलं पान तसंच राहिलं.

"मंग नोटीस काढून घ्या, भाऊ. गाव काऊन सोडता?"

"आज माह्या घराची भिंत सारवलेली दिसली. आतून."