दोन बैलांचा सांडवा

माझं माहेर पारनेरच्या खालच्या अंगाला, आन हितं मी लगीन होऊन आले तवा मला धड पदर सावरता येत नव्हता. नाव तान्हाबाई, पर गावात मला कोन तान्हाबाई म्हनतंय, समदी दत्तूची आई म्हनत्यात. तू कालिजातनं आलीस, ईचारतीस, आजी, आधी गावात रान किती हुतं आन आता किती हाय. मला काय आकडा येतोय व्हय गं पोरी? डोळ्यानं बघितलं ते सांगते, तुला त्यातनं काय घ्यायचं ते घे.

पिकाचं रान नव्हतंच, कागदावर हुतं. सासऱ्यानं माझ्या बापाला सांगितलं, आमची लई जमीन हाय, आन बाप भुलला. मी येऊन बघते तर नुसता मुरूम. कुसळी गवत, तरवडाची झुडपं, आन मधनं एक घळ, तिच्यातनं पावसाळ्यात दोन-चार दिस लाल पानी जायचं, बाकी वरीसभर कोरडी. बाजरी व्हायची ती घराम्होरच्या एका तुकड्यात. मी पैल्यांदा माहेरी गेल्ते तवा आईला म्हनले, तू मला गवतात दिलीस. आई म्हनली, गवत हाय तर शेरडं जगतील, शेरडं जगली तर तू जगशील, गप जा.

आमचं मालक, म्हंजी दत्तूचा बाप, त्यास्नी एक हुन्नर हुता, ताल घालायचा. ताल म्हंजी घळीत आडवा दगडाचा बांध, शिमिट न्हाई, चुना न्हाई, दगडावर दगड बसवत जायचं. पावसाचं पानी वरनं माती घेऊन येतं, तालीपाशी थबकतं, माती ठेवतं. असं धा-बारा पावसाळं गेलं की तालीच्या मागं रान तयार. आमची जमीन आमाला कोनी दिली न्हाई पोरी, ती वाहत आली आन आमी धरली. दगड मी वाहिलं, आन माझ्यासंगं सारानं. सारा ख्रिस्ती, तिचं घर घळीच्या खालच्या अंगाला, तालीवरनं हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्यावर. ती तिच्या चर्चातली गानी म्हनायची, मी जात्यावरची, आन मालक म्हनायचं, दोघीबी गप ऱ्हावा, दगड बुजत्यात.

आता नीट ऐक. तालीच्या एका टोकाला वाट ठेवाया लागती, जादा पानी आलं तर जायला, तिला सांडवा म्हनत्यात. आमचा सांडवा पल्याडच्या खडकावर उतरायचा, पानी साराच्या घराला वळसा घालून जायचं. आन त्याचं माप काय? जू घातलेली बैलजोडी सरळ गेली पायजे, एकाबी बैलाचं पोट घासता कामा न्हाई. दरसाल पोळ्याला बैल रंगवलं, शिंगांना बेगड लावलं, की देवळाकडं न्यायच्या आदी जोडी सांडव्यातनं काढायची. घासली तर त्याच दिशी कुदळ, निवद मागनं. साऱ्या गावाची हीच रीत, ज्याची ताल त्याची जोडी. मालक म्हनायचं, सांडव्यात नांगर घालायचा न्हाई, ती पान्याची वाट हाय, आपली न्हाई.

मग काय सांगू तुला, गावच्या गाव रान झालं. घळी भरल्या, हिरी झाल्या, मोटरा बसल्या, कांदा आला. मग मशिनी आल्या आन डोंगराचा उतार, जिथं माझी शेरडं चरायची, तोबी फोडला. लोक म्हनलं, केवढं रान वाढलं, मीबी म्हनले. पर हिरीचं, बोरवेलचं पानी खाली खाली गेलं, आन वरचं रान एकेकानं सोडून दिलं. कोन चाकनला गेलं, कोन नगरात सावेडीला रिक्षा चालवतंय. रान परत पडीक, पड पडलं. पर पैलं पड येगळं आन हे येगळं, पोरी. पैल्या पडाला गवत हुतं, मुळी माती धरून बसायची. ह्या पडाला काय बी न्हाई, कातडं सोलल्यावानी उघडं. त्याच्यावर पानी पडलं की थांबत न्हाई, पळत सुटतं. आन येतं कुठं? माझ्या तालीवर.

मालक गेलं. बैल त्याच्या आदीच गेल्तं, ट्रॅक्टर आला. ट्रॅक्टर काय सांडव्यातनं काढत्यात व्हय? बैल गेलं आन बैलासंगं मापबी गेलं. सांडव्यात गाळ बसत गेला, कोनी बघितला न्हाई.

दोन सालामागं दत्तू म्हनला, आई, ह्या सांडव्यातनं पानी गेल्यालं मला आठवत न्हाई, चांगली माती बसलीया, कांद्याचं दोन वाफं निघतील. मी न्हाई म्हनायला पायजे हुतं. मालकांचं बोलनं कानात हुतं. मी म्हनले, टाक. लबाड कशाला बोलू, मलाच हाव सुटली. जिनं डोक्यावर दगड वाहून ढेकूळ-ढेकूळ माती धरली, तिला रिकामी जागा बघवत न्हाई. सांडव्याच्या खालच्या तोंडाला माती धरायला दगड मीच रचलं, रोप मीच लावलं. कांदा असा आला, मुठीत मावंना. साराला पाटीभर दिला. ती म्हनली, तान्हे, तुझ्या हाताला गुन हाय.

गेल्या साली हस्तात, दुपारच्याला, एकाएकी भरून आलं. घटकाभरच पडला, पर असा, म्होरचं मानूस दिसंना. मी पोतं डोक्यावर घेऊन तालीवर गेले. पानी चढत हुतं. वाफ्यात आलं, जायला वाट न्हाई, परत फिरलं, परत चढलं. तालीच्या माथ्याला तीन बोटं ऱ्हायली. आन माझ्या पायाखाली ताल हालली. हालली म्हंजी कशी सांगू, गाभन म्हशीच्या पोटाला हात लावल्यावर आत कायतरी सरकतं, तशी. पोटातला एक दगड निसटला, खाली गेला. मी खाली बघितलं तर सारा दारात घागर लावून उभी, हसतीया, वर हात करून म्हनती, तान्हे, देवानं दिलं बघ! ये च्या प्यायला! मला वराडायचं हुतं, सारा, घरातनं निघ. पर तोंड उघडंना. मंग पाऊस थांबला. मी खाली उतरले आन तिच्या दारात बसून च्या प्याले, आन काय बी बोलले न्हाई. तिची नात भितीला पाळन्यात झोपल्याली. त्याच भितीला, जी घळीकडं हाय.

तवापासनं मला आभाळाचं भ्या वाटतं. समदा तालुका वर बघून पाऊस मागतोय आन मी ढग दिसला की पदर तोंडाशी धरते. जेवान जात न्हाई. दत्तूला सांगितलं तर म्हनतो, आई, साऱ्यांना पाऊस पायजे, तुला एकलीला नगं, देव तरी कुनाचं ऐकंल? सून हसती. दत्तू म्हनतो, कांदा निघू दे, मंग मशीन आनून सांडवा काढतो, आता आनलं तर उभ्या रानातला कांदा तुडवंल. खरं हाय त्याचं. पर कांदा निघनार दिवाळीला, आन हस्त त्याच्या आदी.

म्हनून ह्या पोळ्याला मी बापूकडं गेले. गावात आता त्याची एकच जोडी ऱ्हायलीया. म्हनले, बापू, देवळाकडं जायच्या आदी माझ्या सांडव्यातनं जोडी काढ. तो म्हनला, म्हातारे, येड लागलं का, पर आला. मागं वाजंत्री, पोरंसोरं. कांद्याच्या वाफ्याम्होरं बैल थांबलं, एकानं पात हुंगली. बापू म्हनला, आजी, काढू कुठनं? हितं वाट कुठाय? वाजंत्री थांबली. सारा तिच्या अंगनात उभी, नात कडेवर. मंग मी साऱ्यांदेखत म्हनले, वाट हुती, मी बुजवली, आन गेल्या साली ताल हालली ती मी बघितली.

 सारा वर चढून आली, दम लागल्याला. म्हनली, माझ्या दारात बसून च्या प्यालीस त्या दिशी ठावं हुतं तुला? मी म्हनले, व्हय. ती तशीच माघारी गेली.

दुसऱ्या दिशी मी वाफ्यातला कांदा उपटला, हिरवा, बोटाएवढा. पोटच्या पोराचं केस उपटल्यावानी वाटलं. दत्तू दोन दिस बोलला न्हाई, तिसऱ्या दिशी बांधावर पहार ठेवून गेला, आता सांजंला घटकाभर येतो. आन सारा आली, घमेलं घेऊन. आली आन माती उचलाय लागली.  अजून बोलत न्हाई माझ्यासंगं. आदी दोघी माती आडवायला दगड वाहायचो, आता पानी सोडायला माती वाहतो. तिचं गुडघं दुखत्यात, माझं कंबरडं. गाळ खाली दगडावानी बसलाय. सारानं पाळना मातर दुसऱ्या भितीला बांधला, ते मी दारातनं बघितलं.

हस्ताला आठ-धा दिस ऱ्हायलं. काल मी दोरी लावून बघितलं, एक बैल जाईल एवढी वाट झालीया. दुसरा ऱ्हायलाय.

बास आता, डोंगरामागं काळं दिसाय लागलंय, मला जाया पायजे, सारा वर पोचली असंल. तू शीक, पोरी, लई शीक, देव तुझं भलं करो. आन पाऊस पडू दे, मी नगं म्हनत न्हाई, नगं म्हननारी मी कोन. फकस्त दुसरा बैल जाईपत्तूर थांबू दे.