बँकेची रंगीत तालीम

भिंगरी : पेन म्हणून टेस्टर काय धरलायस, बाबा? बँकेतल्या साहेबाच्या हातात टेस्टर असतो का?

बाबा : बरं, ठेवला खिशात. आणि तू मांडी घालून बसू नकोस खुर्चीवर. कर्ज मागायला आलीयेस, गप्पा छाटायला नाही. हं. या. बसा. नाव?

भिंगरी : नाव काय विचारतोस? तूच ठेवलंयस.

बाबा : साहेबाला अरे-तुरे? उद्या असं बोललीस ना, तर दारातूनच परत पाठवतील.

आई : तुम्हीसुद्धा तिला अहो-जाहो करा मग. साहेब झालात ना, तर नीट व्हा.

बाबा : तू तुझं मशीन चालव. कुणाचा तरी ब्लाउज द्यायचाय ना तुला?

आई : मी शिपाई आहे इथली. शिपायाला सगळं ऐकू येतं.

बाबा : ऐका. तर ताई, कर्ज कशासाठी हवंय?

भिंगरी : शिक्षणासाठी, साहेब. नृत्याच्या पदवीला प्रवेश मिळालाय. चार वर्षांचा कोर्स आहे.

बाबा : नाचायला कॉलेज कशाला लागतं?

भिंगरी : बाबा!

बाबा : अगं, तो विचारणारच. चिडायचं नाही. उत्तर द्यायचं.

भिंगरी : लागतं, साहेब. क्लासमध्ये नुसतं नाचायला शिकवतात. तिथे शरीराचा अभ्यास आहे, संगीत आहे, दुसऱ्यांवर नाच बसवायला शिकवतात, शिकवायचं कसं तेही शिकवतात. या क्षेत्रात आज अनेक संधी उपलब्ध आहेत.

बाबा : हे शेवटचं कॉलेजच्या माहितीपत्रकातलं. तेवढं मीही वाचलंय. तुमचं सांगा. तिथून पास झालेल्या मुली करतात काय?

भिंगरी : फोन केले मी काही जणींना. एक शाळेत नाच शिकवते, पगार बरा आहे. एक दवाखान्यात म्हाताऱ्या माणसांकडून गाण्यांवर व्यायाम करून घेते. एक नाचाच्या कंपनीत आहे, सारखी गावोगाव. पैसे कधी वेळेवर, कधी वाट बघायची. आणि एक बँकेत आहे.

बाबा : बँकेत? नाचायला?

भिंगरी : काउंटरवर. म्हणाली, डिग्रीचा एवढाच फायदा, दिवसभर बसून पाठ दुखत नाही.

आई : घ्या! साहेब, तुमच्याच शेजारच्या टेबलावर असेल.

बाबा : हसण्यावारी नेऊ नका. कॉम्प्युटरचा कोर्स याच्या निम्म्या फीत होतो. लगेच नोकरी. तो का नाही?

भिंगरी : मार्क आहेत मला, मिळेल तो. पण मी तो रेटत नेईन, साहेब. रोज कुणीतरी हाका मारून उठवावं लागेल. नाचाच्या क्लासला मला कधी कुणी उठवलंय?

आई : छे. उलट हीच सगळ्या बिल्डिंगला उठवते. खालच्या बाई येऊन गेल्या भांडून.

बाबा : शिपाई! ...पाय मोडला तर?

भिंगरी : तर शिकवेन.

बाबा : शिकायला कुणी आलं नाही तर? गल्लीबोळात क्लास झालेत.

भिंगरी : तर... तर मी...

बाबा : बोला. हप्ता सुरू झालाय एव्हाना. तो थांबत नाही.

भिंगरी : तर दुसरं काहीतरी...

बाबा : दुसरं म्हणजे काय? नाचाची डिग्री घेऊन दुसरं काय करणार?

आई : अहो, जरा दमानं घ्या. घाम फुटलाय पोरीला.

बाबा : उद्या फुटायचा तो इथेच फुटू दे. बरं, ते राहू दे. जामीनदार कोण?

भिंगरी : वडील. लिफ्ट मेकॅनिक आहेत.

बाबा : त्यांची सही दिसत नाही कागदावर.

भिंगरी : अजून केली नाही त्यांनी.

बाबा : का?

भिंगरी : सांगत नाहीत, साहेब. विषय काढला की ‘बघू’ म्हणतात आणि हत्यारांची पिशवी आवरायला घेतात. इतकी आवरलेली पिशवी अख्ख्या शहरात कुणाची नसेल.

(आईचं शिलाई मशीन थांबतं.)

बाबा : तुम्हाला काय वाटतं? का करत नसतील?

भिंगरी : मी तेवढी चांगली नाचत नाही, असं वाटत असेल त्यांना.

बाबा : कोण म्हणालं असं?

भिंगरी : साहेब, तुम्ही कशाला चिडताय?

बाबा : साहेब गेला उडत! कोण म्हणालं तुला?

भिंगरी : कुणीच नाही. पण तू कधी काही बोललायस का? मागच्या कार्यक्रमाला आलास, शेवटपर्यंत दारापाशी उभा राहिलास, आणि घरी येऊन म्हणालास, तिथल्या लिफ्टचा आवाज काही बरोबर नाही.

आई : अगं वेडे, त्यांच्या फोनमध्ये तुझाच नाच भरलाय. कामावरच्या झाडून सगळ्यांना दाखवून झालाय. ती माणसं आता यांना फोन बाहेर काढू देत नाहीत.

बाबा : तुला विचारलं का कुणी? ...भिंगरे, तू वाईट नाचत असतीस ना, तर फार बरं झालं असतं. एका शब्दात नाही म्हणालो असतो नि सुटलो असतो.

भिंगरी : मग अडलंय कुठे?

बाबा : माझी कंबर बघतेस ना? खाली वाकलो की सरळ व्हायला भिंत लागते. तुझे हप्ते सुरू होतील तेव्हा मी घरी बसलेला असेन. तू अडलीस तर मी काय करणार? आज ऐटीत सही ठोकायची आणि तेव्हा छताकडे बघत बसायचं? भीती वाटते मला. झालं? बोललो एकदाचं.

भिंगरी : मलाही वाटते.

बाबा : तुला? तू तर घरभर वाघिणीसारखी फिरतेस!

भिंगरी : मग काय करू? जरा घाबरलेली दिसले, तर तू म्हणशील, बघ, तुझीच तुला खात्री नाही. झालं, विषय संपला.

बाबा : म्हणालो असतो खरा.

भिंगरी : चार वर्षांनी माझ्यापेक्षा चांगल्या ढीगभर मुली असल्या तर? मला नाचाचाच कंटाळा आला तर? त्या बँकेतल्या मुलीशी बोलले ना, त्या दिवशी जेवण गेलं नाही मला. हसत सांगितलं तुम्हाला, एवढंच. आणि तरी सकाळ झाली की पाय आपले सुरू होतात. मी काय करू, बाबा?

आई : पाणी पी आधी. तुम्हीही प्या.

बाबा : नीट बसा, ताई. परत विचारतो. शिकायला कुणी आलं नाही तर?

भिंगरी : परत साहेब झालास?

बाबा : विचारलं तेवढं सांगा.

भिंगरी : माहीत नाही, साहेब. खरंच माहीत नाही.

बाबा : चालेल.

भिंगरी : हे उत्तर? बँकेत चालेल हे?

बाबा : बँकेत तू आपलं ते संधीबिंधीचं फेक. मला हे चालेल. लिफ्टमध्ये माणूस अडकला की आतून ओरडतो, किती वेळ लागेल म्हणून. नवीन पोरं सांगून टाकतात, दोन मिनिटं. मी कधी सांगत नाही. माहीत नाही म्हणतो.

भिंगरी : मग तो आणखी घाबरत असेल.

बाबा : नाही घाबरत. दारापासून हलत नाही ना मी. बोलत राहतो त्याच्याशी.

आई : साहेब, ते जामीनदार केव्हाचे बाहेर ताटकळलेत. आत पाठवू का?

बाबा : पाठवा. आणि पेन द्या त्यांना. खिशात टेस्टर सापडेल, पेन काही सापडायचं नाही.